धुरीसरांचं ‘म्हणजे काय?’

धुरीसरांच्या लग्नात पंगत तासभर खोळंबली, ती खुद्द धुरीसरांमुळे. भटजी म्हणाले, म्हणा, ‘नातिचरामि’. नवरदेवाने विचारलं, "म्हणजे काय?" भटजींनी आयुष्यभर लग्नंच लावली होती, पण बोहल्यावरून प्रश्न येण्याची ती पहिलीच वेळ. ते म्हणाले, असं म्हणायचं असतं. सर म्हणाले, कशाला कबूल होतोय ते कळल्याशिवाय कबूल कसा होऊ? मालवणहून आलेल्या काकांनी शेवटी मागून हाक दिली, "अरे झिला, म्हण मरे तेवढा, भात थंड होता." भटजींनी घाम पुसत पुसत अर्थ सांगितला, सरांनी दोन उपप्रश्न विचारले आणि मग कुठे गाडं पुढे सरकलं. नवरी, म्हणजे आमच्या सुमनवहिनी, हे सांगताना अजून हसतात. त्यांना वाटलं होतं, मुलगा आयत्या वेळी नाही म्हणतोय.

भांडुपच्या टेकडीवरच्या आमच्या चाळीत सर आणि वहिनी माझ्या शेजारच्या खोलीत राहायचे. शाळाही आमची एकच. ते गणित आणि विज्ञान शिकवायचे, मी मराठी. म्हणजे त्यांची सोबत मला घरी, रस्त्यात आणि शिक्षकांच्या खोलीत अशी तिन्ही त्रिकाळ होती. या माणसाला कुठलंही वाक्य सरळ गिळता येत नसे. रेशनवाला म्हणाला, उद्या या, की हे विचारणार, उद्या म्हणजे काय, दुकान उघडल्यावर की साखर आल्यावर? हेडसर सभेत म्हणाले, आपल्या शाळेची घोडदौड चालू आहे, की हे हात वर करून विचारणार, नेमकी कोणत्या दिशेला? चाळीतले एक आजोबा गेले तेव्हा कोणीतरी म्हणालं, आत्म्याला शांती लाभो. सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, बाई, मला तर ते चांगले शांत वाटायचे. मी पदर तोंडावर घेतला. लोकांना वाटलं मला रडू आवरत नाही.

वर्गात तर त्यांनी कहरच केला होता. पुस्तकातली व्याख्या स्वल्पविरामासकट उतरवून काढणाऱ्या हुशार मुलीला त्यांनी पाचपैकी शून्य दिलं आणि खाली लाल शाईत लिहिलं, ‘हे पुस्तकाचे मार्क. तुझे कुठे आहेत?’ त्याच पेपरात ‘बर्फ पाण्यावर का तरंगतो?’ याचं उत्तर एका टग्याने लिहिलं होतं, ‘कारण तो मुळात पाणीच आहे, आपल्याच माणसाला कोण बुडवील?’ त्याला पाचपैकी तीन. मुलीचे वडील तणतणत शाळेत आले. सर त्यांना शांतपणे म्हणाले, उत्तर चुकलंच आहे, पण पोराने बर्फाकडे बघितलं तरी. तुमच्या मुलीने फक्त पुस्तकाकडे बघितलं. वडील हेडसरांकडे गेले. हेडसरांनी नेहमीप्रमाणे कपाळाला हात लावला.

हेडसरांचा हात कपाळावरून खाली यायला फारसा वेळच मिळत नसे. तपासणीला साहेब यायचे तेव्हा शाळेत एक जुनी शिकवण असे. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा, ज्याला येतं त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा. शिक्षकाने उजवावाला उठवायचा. साहेब खूश, शाळा खूश. धुरीसरांच्या वर्गात मात्र वेगळाच रिवाज होता. ‘कळलं नाही’ म्हणणाऱ्याला तिथे मान. फक्त कुठपर्यंत कळलं आणि कुठून पुढे अंधार आहे ते नेमकं सांगायचं. साहेबांनी वर्गात येऊन सहज विचारलं, कोणाला काही कळलं नाही असं आहे का? अख्खा वर्ग उभा राहिला. एकेक पोर उत्साहाने आपापला अंधार सांगू लागलं. साहेब आधी घड्याळ बघत होते, मग खुर्ची ओढून बसले. एका मुलाचं न कळलेलं त्यांनाही कळत नव्हतं असं मला खिडकीतून वाटलं. बाहेर हेडसर पुटपुटले, वाट लागली. प्रत्यक्षात शेरा चांगला आला, पण त्याचं श्रेय हेडसरांनी घोडदौडीला दिलं.

एवढं सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, काय थोर शिक्षक. मलाही वाटायचं. मग त्यांनी बायकोला शिकवायला घेतलं.

झालं असं, की वहिनी चाळीखालच्या बालवाडीत मदतनीस होत्या. मदतनीस नावाला, सगळी पोरं त्यांच्याच ओच्याला लोंबकळत असायची. तिथल्या बाई मे महिन्यात सोडून जाणार होत्या. चालवणाऱ्या मंडळींनी वहिनींना सांगितलं, मॅट्रिकचं सर्टिफिकेट आणा, जागा तुमची. नाहीतर बाहेरची मुलगी घेऊ, आणि मग मदतनीस तिच्या ओळखीची येईल. वहिनी गावी असताना मॅट्रिकला गणितात नापास झाल्या होत्या आणि त्यानंतर लग्न झालं होतं. धुरींना मूलबाळ नव्हतं. बालवाडी गेली तर वहिनींचा दिवस कसा जाईल याची कल्पना आम्हा सगळ्यांनाच होती, पण ते कोणी बोलून दाखवत नसे. वहिनींनी बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म भरला. सर म्हणाले, घरचाच मास्तर आहे, काळजी कसली?

रोज संध्याकाळी शिकवणी सुरू झाली. आमच्या खोल्यांमधली भिंत कसली, लाकडी फळ्यांचा आडोसाच तो, त्यामुळे मीही नाइलाजाने मॅट्रिकला बसले. सरांनी सुरुवात केली ‘शून्य म्हणजे काय’ इथून. दिवाळी आली तेव्हा ते ‘ऋण गुणिले ऋण धन का’ इथे पोचले होते. मध्ये एकदा क्ष हे अक्षरच का घेतात यावर दोन संध्याकाळी गेल्या. प्रत्येक पायरीला सर विचारायचे, कळलं? वहिनी म्हणायच्या, हो. सर खुशीत यायचे, आवाज चढायचा. शाळेत मला सांगायचे, बाई, सुमनसारखी विद्यार्थिनी मला वर्गात एकही मिळाली नाही, एकदा सांगितलं की कळतं.

परीक्षा महिन्यावर आली होती. एका रविवारी मी विरजण मागायला गेले. वहिनी बांगडे साफ करत होत्या, सर पेपर वाचत होते. मला बघून त्यांना फुशारकी मारायची लहर आली. म्हणाले, बाई, विचारा हिला काहीही. मला गणिताचा लहानपणापासून धसका. मी त्यांच्या वर्गात खिडकीतून ऐकलेलं एक उदाहरण आठवलं आणि तोंडाला आले ते आकडे घालून विचारलं, बाप-लेकाच्या वयांची बेरीज अठ्ठेचाळीस, बापाचं वय लेकाच्या तिप्पट, तर वयं किती?

वहिनींनी बांगड्यावरून नजर न काढता एका दमात म्हणून टाकलं, "समजा, मुलाचे आजचे वय क्ष वर्षे, म्हणून वडिलांचे वय तीन क्ष वर्षे, दिलेल्या अटीनुसार, म्हणून, म्हणून, उत्तर, वडील पंचेचाळीस, मुलगा पंधरा."

सर हसले. म्हणाले, अगं, त्यांची बेरीज साठ होते. बाईंनी अठ्ठेचाळीस सांगितले.

"गाईडात साठच आहेत," वहिनी म्हणाल्या.

सरांनी पेपर खाली ठेवला. मला विरजण नकोसं झालं, पण वाटी वहिनींच्या बाजूला होती, त्यामुळे मी उभीच. गाईड हा शब्द त्या घरात शिवीसारखा होता. वहिनींनी हात धुतले आणि सांगून टाकलं. समोरच्या गुजराती भाभींच्या पुतणीचं गाईड होतं. सर शाळेत गेले की त्या ते पाठ करायच्या, पानच्या पान. सरांनी विचारलं, कधीपासून? वहिनी म्हणाल्या, शून्यापासूनच.

"मग तू रोज हो का म्हणायचीस?"

"तुम्ही विचारता आणि तोंडाकडे बघत बसता. एकदा नाही म्हटलं होतं मी. तुमचं तोंड असं पडलं, की परत हिंमत झाली नाही. पोरांनी नाही म्हटलं की तुम्ही खूश होता. माझ्याच वेळी काय होतं तुम्हाला?"

सर्व जगाला ‘म्हणजे काय’ विचारणाऱ्या सरांनी चपला घातल्या आणि ते टेकडी उतरून गेले. मला त्यांचा राग आला, कीवही आली. वहिनींनी बांगड्यांना मीठ-हळद लावलं आणि मला विरजण दिलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या रस्त्यावर सर म्हणाले, बाई, गणित कळलं नाही असं मला कधी झाल्याचं आठवतच नाही. मग हिला आत काय होतं ते मला कसं कळणार? मी म्हटलं, जे तुम्हाला अजिबात येत नाही ते शिकून बघा. मी सहज बोलले होते. संध्याकाळी बघते तर हे गृहस्थ बनियनवर, ओट्यापाशी मांडी घालून, पुढ्यात परात. वहिनी त्यांना तांदळाची भाकरी शिकवत होत्या. आमच्या अख्ख्या मजल्याला काहीतरी काम निघालं आणि सगळे त्यांच्या दारावरून ये-जा करू लागले.

वहिनींनी उकड मळून दाखवली, गोळा केला, पाणी लावून परातीत थापून दाखवला. थापता थापता भाकरी आपसूक गोल फिरते ती कशी ते दोनदा दाखवलं. मग विचारलं, कळलं?

सर म्हणाले, हो.

त्यांनी गोळा थापला. एका बाजूला कागद, दुसऱ्या बाजूला उशी. उचलायला गेले तर निम्मी भाकरी परातीतच राहिली. वहिनी नुसत्या बघत उभ्या राहिल्या. सर पिठाचे हात तसेच धरून त्यांच्याकडे बघत होते.

"सुमन," ते म्हणाले, "मला काहीच कळलं नव्हतं. तू वाट बघत होतीस, म्हणून हो म्हटलं."

वहिनींना आधी हसू फुटलं, मग डोळ्यांत पाणी आलं, आणि मजल्यावरच्या सगळ्यांची कामं एकदम संपली.

त्या दिवसापासून शिकवणीचं तंत्र बदललं. सरांनी स्वतःला शिक्षा लावून घेतली, की शिकवताना वहिनींच्या तोंडाकडे बघायचं नाही. दोघं पाठीला पाठ लावून बसायची. सर खिडकीकडे तोंड करून बोलायचे, वहिनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणायच्या, कळलं नाही, इथून पुढे नाही. चाळीतली पोरं दारात येऊन खिदळायची. शून्य आणि ऋण गुणिले ऋण बाजूला राहिलं. वय, नफा-तोटा, कोन असं जे लागेल ते, पण खरंखुरं. एक प्रकार काही केल्या वहिनींच्या गळी उतरेना, दोन नळांनी हौद भरण्याचा. त्या म्हणायच्या, आमच्या नळाला अर्धा तास पाणी, हे लोक दोन दोन नळ सोडून काय बसतात? सर म्हणाले, राहू दे तो हौद.

वहिनी पास झाल्या, गणितात अगदी काठावर, आणि बालवाडी त्यांचीच राहिली. हे आधीच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. पण मला सांगायचंय ते निकालाचं नाही, गणिताच्या पेपरच्या दिवसाचं.

केंद्र मुलुंडला होतं. सरांनी रजा काढली होती आणि मलाही शाळेतून अर्ध्या दिवसातच ओढून नेलं होतं, का ते त्यांनाही ठाऊक नसावं. फाटकाबाहेर आयांची ही गर्दी. त्यात हातात लिंबाच्या सरबताचा थर्मास घेऊन उभा असलेला एकटाच नवरा. आया त्यांना विचारत होत्या, मुलगा की मुलगी? सर म्हणत होते, बायको. त्यानंतर तिथे जरा जागा झाली.

घंटा झाली. पोरापोरींच्या लोंढ्यात वहिनी आल्या, कपाळाला घाम, चेहरा मात्र प्रसन्न. सरांनी सरबत पुढे करायच्या आधीच विचारलं, कसा गेला? वहिनी म्हणाल्या, बरा. हौदाचं गणित आलं होतं. गाईडातलंच, आकड्यांसकट. बघितल्याबरोबर सगळ्या ओळी डोळ्यांपुढे आल्या.

सरांचा चेहरा उजळला. म्हणाले, मग मिळाले की पाच मार्क.

"नाही. जेवढं कळत होतं तेवढं लिहिलं, पहिल्या तीन ओळी. खाली लिहिलं, येथून पुढे मला कळलेले नाही."

मला वाटलं, आता हा माणूस फाटकासमोर नाचणार. आयुष्यभर त्याने पोरांकडून हेच तर मागितलं होतं.

"अगं, पाठ होतं ना तुला?" धुरीसर ओरडले. "मग लिहायचं ना! कोण विचारायला येणार होतं तुला, कळलं की नाही ते?"

सगळ्या आया वळून बघायला लागल्या. वहिनी थक्क होऊन उभ्या. हळूच म्हणाल्या, तुम्हीच तर शिकवता ना असं?

"ते पोरांना," सर म्हणाले. थर्मासचं झाकण त्यांच्या हातात नुसतं गोल गोल फिरत होतं. "तू नापास झालीस, की परत मला घाबरशील. मी विचारेन आणि तू हो हो म्हणशील. बाहेर सगळ्यांशी नुसतं बोलायचं असतं गं, घरात तू खरं उत्तर देतेस म्हणून तर चालतं. परत मी एकटाच बोलत बसेन त्या खोलीत, आणि मला कळणारही नाही."

वहिनींनी त्यांच्या हातातलं झाकण काढून घेतलं, त्यात सरबत ओतलं आणि आधी त्यांनाच प्यायला दिलं.