शामराव तात्यांच्या गाठीचा स्वभाव

आमच्या शेजारचे शामराव तात्या नव्या माणसाला आपल्या नावाआधी प्रोस्टेटची गाठ सांगतात. "पावणं, मला कॅन्सर हाय. पण त्याचा स्वभाव अजून कळला न्हाय!" दूधवाला, मीटर बघायला येणारा, माझ्या मुलीला बघायला आलेली मंडळी, कुणीच सुटलं नाही.

तात्या शिरोलीच्या एका फाउंड्रीत तीस वर्षं भट्टीवर होते. बायोप्सीनंतर डॉक्टर म्हणाले, "गाठ गरीब आहे की आक्रमक, ते रक्तातल्या काही घटकांवरून कळतं का, याचं संशोधन चालू आहे. रक्ताचा नमुना द्याल?"

तात्या खूश. "म्हंजे आमच्या भट्टीसारखंच की! पळीभर लोखंडाचा रस तपासायचा आन् अख्ख्या भट्टीचं सांगायचं."

मग त्यांनी स्वतःच ठरवलं, की रक्त तापलेलं असलं तर गाठही तापट निघणार. आठवडाभर ते कुणाशी भांडले नाहीत. आमच्या कोल्हापुरात हे अवघड. एका रिक्षावाल्यानं पायावर चाक घातलं, तर "असू द्या, पावणं" म्हणाले. तो इतका घाबरला की त्यांना थेट दवाखान्यात घेऊन गेला. फुटबॉलची फायनल होती त्या दिवशी गल्लीतल्या आरडाओरड्यानं रक्त तापू नये म्हणून तात्या कानात कापूस घालून पडले होते. रक्त घेताना नर्सला म्हणाले, "दोन्ही हातांचं घ्या. डावा जरा तिरसट हाय."

रिपोर्टच्या दिवशी मी सोबत होतो. बायोप्सी, रक्तातलं पीएसए, सगळं मिळून गाठ संथ निघाली. ऑपरेशन नको, नुसतं लक्ष ठेवायचं. डॉक्टर सहज म्हणाले, "मुलाला मात्र सांगा. चाळिशी झाली की त्यानंही डॉक्टरला विचारून तपासून घ्यावं."

तात्यांनी रिपोर्टची घडी घालून खिशात ठेवली. संजयनं फाउंड्रीतली नोकरी सोडून पुणं गाठलं, तेव्हापासून बापलेक बोलत नव्हते. त्याला सहा वर्षं झाली.

घरी आल्यावर त्यांनी नंबर लिहिलेला कागद माझ्या हातात दिला. "मास्तर, तुमी लावा. मी हितं हाय म्हनू नका." आणि खुर्ची ओढून अगदी चिकटून बसले.

मी स्पीकर लावला. संजयनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "तात्यांना दुखतंय का हो?"

तात्यांनी तोंडावर पंजा दाबून धरला होता. मीच म्हणालो, "नाही रे, बरे आहेत."

फोन बंद झाल्यावरही ते मोबाईलकडेच बघत होते.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "आवाज जाड झालाय की त्याचा."