वायद्याचे अभिप्राय

अमेरिकेतल्या लढाईने वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या साली अमरावतीचे दलाल खुशालराव यांनी शिळाछापखाना घेतला आणि ग्रंथप्रसाराचे लोकोपयोगी कार्य आरंभले. आमच्या ग्रंथकारांच्या ताज्या वार्ता व त्यांच्या ग्रंथांवरील निःपक्षपाती अभिप्राय यांचे एक पत्रक दर पंधरवड्यास निघे. निःपक्षपाती अभिप्राय मी लिहीत असे.

पहिला ग्रंथ मी चुकून अखेरपर्यंत वाचला. खुशालराव भडकले.

"पुरं पुस्तक काहून वाचून राहिले? कापसाची गठान कोनी पुरी सोडून पाह्यते काय? मधातून चिमूटभर ओढा, बोटावर ताना अन् सांगा माल कसा हाय ते!"

तेव्हापासून मी मधले एकच पान ओढून अभिप्राय देऊ लागलो. ग्रंथकारांना हे कळताच ते मधले पान झकास लिहून भोवती वाटेल तो कचरा भरू लागले. अशा लबाडीस आळा बसावा म्हणून मी मधले पान पाहणेही सोडले.

पुढे खुशालरावांना सुचले की, शेतात उभ्या कापसाचा वायदा होतो, तर न लिहिलेल्या ग्रंथाचा का होऊ नये? अभिप्राय आधी, वर्गणी लगोलग, ग्रंथ सवडीने. 'किसनरावांच्या करुण नाटकाने अकोल्यास हाहाकार', अशी वार्ता आम्ही दिली. अकोल्याच्या एका वकिलांनी तर डोळे पाणावल्याचे जाहीर सभेत सांगितले. किसनरावांनी अजून बोरू हाती धरला नव्हता. सत्कारांतून त्यांना सवड कुठली?

अशा भरभराटीत बाळापूरचे पंतोजी जानराव चक्क लिहिलेला ग्रंथ घेऊन आले. मला त्यांची दया आली. त्या खाऱ्या पाण्याच्या मुलखात गोड्या पाण्याच्या विहिरी कोठे आहेत, हे त्यांनी गावोगाव पायी हिंडून, ओंजळ ओंजळ चाखून लिहिले होते. कापसाच्या गाड्यांबरोबर गेलेला त्यांचा धाकटा भाऊ त्याच मुलखात वाटेवर तहानेने मेला होता.

"आता लिहूनच झालं, तं अभिप्राय कायचा देऊ?" खुशालराव म्हणाले.

"अभिप्राय नोको, मालक. निस्तं छापा. अन् माहं नाव घाला. कोनाले नवी हीर सापडली तं मले सांगाले येईन."

ग्रंथ कोपऱ्यात पडला. मग लढाई संपली, भाव कोसळला, आणि रिकामे बसलेले वर्गणीदार आपापले ग्रंथ मागू लागले. छापखान्यात लिहिलेला ग्रंथ एकच होता. खुशालरावांनी तोच छापून त्याला कुठे किसनरावांच्या नाटकाचे, कुठे भक्तिविजयाचे, कुठे वेदान्ताचे वेष्टण चढवले. तक्रार एकही आली नाही. वकिलांनी तर दुसऱ्या वाचनात करुणरस अधिकच गहिरा वाटल्याचे कळवले.

जानराव आपल्या नावाची प्रत मागायला आले, तेव्हा अडचण झाली. उद्या कोणी चुकून दोन ग्रंथ शेजारी उघडले तर? म्हणून पुढच्या पत्रकात मी निःपक्षपातीपणे लिहिले की, जानरावांनी किसनरावांचे नाटक शब्दशः चोरले आहे. पंतोजींची शाळा गेली.

"विहिरीचं नाटक कसं होईन, बाप्पा?" जानराव रडत म्हणाले. "एकानं तरी उघडून पाहा नं!"

कोणी पाहिले नाही. वैशाखात अकोल्याचे ते वकील आईला घेऊन बाळापूरकडे निघाले. गाडीचा कणा मोडला, पाणी संपले, आणि म्हातारी "पाणी, पाणी" करत गेली. गोड्या पाण्याची विहीर समोरच्या बाभळींमागे होती. म्हातारीच्या उशाला किसनरावांचे नाटक होते, त्यात त्या बाभळींचासुद्धा उल्लेख आहे. दहाव्यानंतर वकिलांनी आम्हांला लिहिले की, शोकाच्या घडीत या नाटकाने मोठाच धीर दिला. ते पत्र आम्ही पहिल्या पानावर छापले.

आपणही ते नाटक वाचले असेलच. नाही म्हणू नका, परवा चारचौघांत आपणच त्याची तारीफ करत होता.