भोपळ्याला पहिला छेद

कोणत्याही समाजाची प्रगती तो भोपळ्याकडे कसा पाहतो यावरून ओळखावी. मराठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या भोपळा पाहिला तो गुणपत्रिकेत, आणि तो घरी आणणाऱ्या मुलाला बडवून काढले. पुढे हाच मराठी माणूस डॉक्टर होऊन इंग्लंडात लीड्सला आला, त्याची मुलं इंग्रजी शाळेत गेली, आणि १९९२च्या ऑक्टोबरात शाळेनंच कळवलं की हॅलोवीननिमित्त प्रत्येकानं घरून एक भोपळा कोरून आणावा. उत्तम भोपळ्यास बक्षीस देण्यात येईल. याला प्रगती म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

(त्याआधी यॉर्कशायरमध्ये या सणाला टर्निप, म्हणजे सलगम, कोरत. टर्निप कोरणं हे साधारण डोंगरात लेणं खोदण्याइतकं सोपं असल्यामुळे सुपरमार्केटात भोपळे येताच ती थोर परंपरा लोकांनी आनंदानं सोडून दिली.)

डॉ. सुप्रभा आगटे यांच्या घरी हा भोपळा म्हणजे अब्रूचा प्रश्न होता. सुप्रभा प्रसूतितज्ज्ञ. नाताळच्या नाटकात लेक उल्का मेंढी झाली तेव्हा ती लेबर वॉर्डात होती, स्पोर्ट्‌स डेला ऑपरेशन थिएटरमध्ये. इतरांची मुलं जगात आणण्याच्या नादात स्वतःच्या मुलीकडे जायला तिला वेळ मिळत नसे, आणि याचं तिला मनापासून वाईट वाटे. म्हणून तिनं शब्द दिला होता, की या वेळी भोपळा मीच करणार. आठ वर्षांच्या उल्कानं तो शब्द वर्गभर सांगूनही टाकला होता. आता माघार नव्हती.

रविवारी दुपारी सुप्रभानं भोपळा ओट्यावर ठेवला. देठाभोवती फेल्ट पेननं झाकणाची गोल रेघ आखली. सुरी उचलली. तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब!"

आवाज सासूबाईंचा होता. यमुनाबाई पुण्याहून मुलाकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि सोबत मेतकूट, भाजणी आणि नियम घेऊन आल्या होत्या. कस्टम्सनं फक्त भाजणी उघडून पाहिली.

"अगं, बाईमाणसानं अख्खा भोपळा चिरू नये. थोरल्या मुलासारखा असतो तो. पहिला छेद पुरुषानं द्यायचा."

"अहो आई, परवा एका ड्यूटीत मी तीन सिझेरियन केली. जिवंत बायका चिरल्या."

"त्या बायका होत्या. हा भोपळा आहे."

या युक्तिवादात वैद्यकीयदृष्ट्या कुठेही चूक काढता येत नव्हती. सुप्रभानं सुरी खाली ठेवली. सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा पुरुष शोधणं केव्हाही सोपं.

पुरुष घरातच होता. डॉ. गिरीश आगटे, मानसोपचारतज्ज्ञ. पात्रता: पुरुष (पूर्णवेळ). अनुभव: काही नाही. त्यानं उभ्या आयुष्यात लिंबूसुद्धा कापलं नव्हतं. मेडिकल कॉलेजात डिसेक्शनला बाकीचे तिघं कापत आणि हा पुस्तकातून मोठ्यानं वाचून दाखवी. (वाचन उत्तम होतं, असं सगळे सांगतात.) त्याचं आणि सुरीचं विळ्याभोपळ्याइतकं सख्य, त्यात इथे भोपळाही हजर. त्यानं भोपळ्याकडे बराच वेळ सहानुभूतीनं पाहिलं आणि म्हणाला, "आय थिंक, आपण आधी याबद्दल बोलू या."

बोलून झाल्यावर त्यानं गावच्या मराठी मंडळातल्या पुरुषांना फोन लावले. एक भूलतज्ज्ञ म्हणाले, भोपळा मी झोपवून देतो, पुढचं तुम्ही बघा. एका रेडिऑलॉजिस्टनं चिरण्याआधी एक्स-रे सुचवला. एका जीपीनं, म्हणजे फॅमिली डॉक्टरनं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि हॉस्पिटलकडे रेफर केलं. सर्जन होते त्यांनी भोपळा वेटिंग लिस्टवर घेतला. नंबर पुढच्या उन्हाळ्यात, प्रायव्हेट हवं असेल तर मंगळवारी. त्या दिवशीच्या टेलिफोन-पाहणीचा निष्कर्ष असा, की लीड्समधल्या शंभर टक्के मराठी पुरुषांना अख्खा भोपळा चिरण्याचा अधिकार आहे आणि त्यांपैकी शंभर टक्क्यांनी तो भरीत झाल्यावरच पाहिलेला आहे.

इतक्यात सुप्रभाचा ब्लीप, म्हणजे हॉस्पिटलचा पेजर, वाजला. लेबर वॉर्डला फोन करायला ती हॉलमध्ये निघाली. "गिरीश, ही रेघ दिसतेय ना? हिच्यावरून फक्त झाकण काप. दुसरं काही करू नकोस."

गिरीशनं रेघ पाहिली. मग, सल्ला घेतलेला बरा म्हणून, आईकडे पाहिलं. "कुठून गं?"

"अरे, मधून! भोपळा काय बाजूनं चिरतात?"

गिरीशनं डोळे मिटले आणि सुरी हाणली. भोपळ्याची दोन शकलं झाली. एक ओट्यावर, एक फरशीवर. अगदी सारखी. यमुनाबाईंचे डोळे भरून आले. "हात कसा बसलाय बघा माझ्या लेकाचा!"

उल्का धावत आली, तिनं फरशीकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं, "आजी, माझी भोपळा मेली!"

रविवार असल्यामुळे मोठी दुकानं बंद. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं मायेनं टर्निप पुढे केला. उल्काला बघूनच हुंदका आला.

सुप्रभालाही रडू येत होतं, आणि फरशीवरची फाक उचलून गिरीशच्या डोक्यात घालावी असंही वाटत होतं. पण केस बिघडल्यावर सर्जननं रडायचं नसतं. तिनं बॅगेतून सुई, चिमटा आणि मुदत संपलेला टाक्यांचा धागा काढला. यमुनाबाई पुढे सरसावल्या. सुप्रभानं नव्या नियमाची तयारी ठेवली.

"शिव की," यमुनाबाई म्हणाल्या. "चिरायची बंदी आहे, शिवायची कुठाय? शिवण बायकांचंच काम. आणि पहिला छेद झालाय, आता तू हवं तेवढं चीर."

मग काय विचारता! भोपळा आतून साफ करायचा तर आधी त्याचे दोन तुकडे करावेत, हे शास्त्र त्या दुपारी अपघातानं सिद्ध झालं. सुप्रभानं गर काढला, डोळे कोरले, दात कोरले, झाकण कापलं, आणि दोन्ही फाका जुळवून कपाळापासून हनुवटीपर्यंत असे देखणे टाके घातले की वॉर्डातल्या पेशंटांना हेवा वाटावा. उल्का फाका धरून उभी होती आणि प्रत्येक टाक्याला खिदळत होती. आत मेणबत्ती लावली तेव्हा टाक्याटाक्यांतून उजेड पाझरू लागला. यमुनाबाईंनी भोपळ्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि मीठ-मोहऱ्या घेऊन घरातल्या बाकी सगळ्यांची दृष्ट काढली.

शाळेत त्या भोपळ्याला पाहून पहिलीचा अर्धा वर्ग टेबलाखाली गेला. पहिलं बक्षीस जाहीर झालं. हेडमिस्ट्रेसबाई म्हणाल्या, हे काम खऱ्या सर्जनशिवाय कुणाला जमणार नाही, आणि त्यांनी पुढे होऊन गिरीशचा हात हातात घेतला. "डॉक्टर, व्हॉट वंडरफुल हँड्‌स!"

गिरीश मुळात सभ्य माणूस. तो म्हणाला, "थँक यू."

सुप्रभा शेजारीच होती, तिघांचे कोट सांभाळत. तिला राग आला. चांगलाच आला. उल्कानं तोंड उघडलं होतं, पण फोटोग्राफरनं सगळ्यांना "चीज" म्हणायला लावलं.

बातमी मंडळात पोचायला वेळ लागला नाही. दिवाळीच्या कार्यक्रमात, चर्चच्या भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये, डॉ. गिरीश आगटे यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करण्यात आला. 'हॅलोवीनचा भोपळा: काही उपयुक्त सूचना' या विषयावर त्यांचं भाषण झालं. ते म्हणाले, पहिला छेद निर्भयपणे द्यावा. शंका आल्यास आईला विचारावं. त्यानंतरचं काम आपोआप होतं. प्रेक्षकांनी हे सगळं मान डोलावत ऐकलं आणि त्याच भोपळ्याचे घारगे खाल्ले. (ते तळून तिसऱ्या रांगेत येऊन बसायला सुप्रभाला थोडा उशीर झाला.) ज्या पुरुषांनी फोनवर नकार दिला होता तेही आता मोठमोठ्यानं टाळ्या वाजवत होते, कारण छेद देताना आपण मार्गदर्शन केलं होतं असं त्यांना हळूहळू आठवू लागलं होतं.

तेवढ्यात उल्का खुर्चीवर चढली. हॉल शांत झाला. त्या क्षणी सुप्रभाला शाल नको होती, नारळ नको होता; मुलीनं एवढं एक वाक्य नीट बोलावं, इतकंच हवं होतं.

उल्का अगदी स्पष्ट आवाजात म्हणाली, "बाबानी फक्त तोडली. सगळी भोपळा माझी आईनी शिवली!"

मग पहिल्या रांगेतून प्रेमळ आवाज आला, "तोडली नाही गं बाळ, चिरला!" दुसरा आला, "सगळा भोपळा!" तिसरा, "शिवला! माझ्या आईनं शिवला!" मग साऱ्या हॉलनं हसत हसत, एका सुरात, उल्काकडून तीनदा म्हणवून घेतलं, "चिरला! शिवला!" तिसऱ्यांदा तिला बरोबर जमलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. इथे वाढलेली मुलं मराठी बोलतात याचा सगळ्यांना फार अभिमान वाटला. अध्यक्षांनी पुढच्या वर्षापासून व्याकरणाचे वर्ग सुरू करण्याची घोषणा केली आणि डॉ. गिरीश यांचे पुन्हा एकदा आभार मानले.

तुम्ही हसू नका, वाचकहो. उल्काचं ते वाक्य वाचताना तुमच्याही ओठांवर आधी काय आलं होतं, सुप्रभाचं नाव की "शिवला"?