खडीसाखरेची दोन बटणं

डेटलेफचा दावा साधा होता. "आपली खडीसाखर जगातल्या कुठल्याही यंत्रात विरघळेल!"

खडीसाखर म्हणजे क्लुंट्ये. जर्मनीतल्या लेअर गावात तिच्यावाचून चहा होत नाही, म्हणून डेटलेफ आणि फ्राउकेने आपल्या मुक्त सॉफ्टवेअरला तेच नाव दिलेलं. खिडक्या, बटणं, चौकटी काढून देणारा संच. कोणीही घ्यावा, उघडून पाहावा, बदलावा. प्रोग्रॅम एकदाच लिहायचा, की तो प्रत्येक संगणकावर तिथेच जन्मल्यासारखा दिसणार!

दिसत मात्र नव्हता. जर्मन शब्द इतके लांब, की आखूड पांघरुणातून पाय यावेत तसे बटणाबाहेर लोंबायचे.

आणि फ्राउकेला हांबुर्गच्या एका कंपनीने नोकरी देऊ केली होती. उत्तर आज संध्याकाळी द्यायचं होतं.

"आज लांब शब्दांचं जमलं तर राहते," ती म्हणाली होती. "नाही तर जाते बाबा पगार घ्यायला."

खडीसाखरेसाठी थांब, असं डेटलेफ तिला रोज म्हणायचा. माझ्यासाठी थांब, असं म्हणणारं बटण त्याने अजून बनवलं नव्हतं.

सकाळपासून ती आपल्या घरच्या संगणकाला चिकटून होती. दुपारी एकदम ओरडली, "जमलं!" आणि आईला चहाला मदत करायला स्वयंपाकघरात पळाली.

    डेटलेफने तिच्या खुर्चीत बसावं का?
    [ नाही ]   [ नाही ]

बसला! नवी बटणं बघायची होती ना. पडद्यावर तिची लिहायची खिडकी, तीही खडीसाखरेनेच बनवलेली, मध्येच आली, म्हणून त्याने ती बंद केली. खिडकीने विचारलं:

    केलेल्या बदलांचं काय करू?
    [ टाकून द्या ]   [ जतन करा ]

डेटलेफच्या यंत्रावर 'जतन करा' डावीकडे असायचं. फ्राउकेच्या यंत्राची चाल उलटी. "अरे, आता बटणं त्या त्या यंत्राच्या चालीने बाजू बदलतील, लक्षात ठेव हं," असं तिने मागेच सांगितलं होतं. "हो हो," तो म्हणाला होता. तेव्हा त्याचं सगळं लक्ष हेरिंग माशाच्या पावात होतं.

घोडा आपल्या तबेल्याकडे वळतो तसा हात डावीकडे वळला. टक्!

पूर्वी अशा वेळी आणखी एक चौकट यायची. 'नक्की?' पण ती डेटलेफनेच भांडून काढायला लावली होती. "वापरणारा काय कुक्कुलं बाळ आहे? एकदा सांगितलं म्हणजे सांगितलं!"

सकाळपासूनचं सगळं काम गेलं.

"चहा!" फ्राउकेच्या आईने, गेशेकाकूंनी हाक मारली.

त्यांच्याकडे कपात चमचा ठेवला की 'पुरे'. नाही ठेवला, तर काकू ओततच राहतात. डेटलेफला चमचा कुठला आठवतोय! एक कप कसाबसा संपवून तो "हात धुऊन येतो" म्हणत उठला आणि संचावर काम करणाऱ्या जगभरच्या सोबत्यांना मदतीची हाक मारायला मॉडेम लावला. शेपटी दारात सापडलेल्या मांजरासारखा मॉडेम किंचाळला.

"फोन का ओरडतोय रे?" काकूंनी विचारलं.

"वारा आहे, काकू!"

'टाकून दिलेलं परत कसं आणायचं? तातडीचं!' त्याने लिहिलं. मग चहा, मग संगणक, मग पुन्हा चहा. उत्तरं धो धो येत होती. ब्राझीलवाला म्हणे, जतनाचं बटण उजवीकडेच हवं. ऑस्ट्रियावाला म्हणे, उजवीकडे ठेवणं हा रानटीपणा आहे. दोन तट पडले. एकजण रागावून स्वतःचा वेगळा संच काढायला निघूनही गेला! फिनलंडच्या एकाने तेवढं विचारलं, 'तिला सांगितलंस का?'

डेटलेफच्या पोटात आता चहाचं तळं झालं होतं. सांगायचं धाडस त्या तळ्याच्या तळाशी.

"आई, थांब, तुला गंमत दाखवते," म्हणत फ्राउके उठली. संगणकापाशी गेली.

"डेटलेफ. माझी खिडकी कुठाय?"

"ते... बटण... दुसऱ्या बाजूला होतं."

"म्हणजे बाजू बदलली?" तिचा चेहरा उजळला. "माझ्या यंत्रावर जतनाचं बटण बरोबर उजवीकडे आलं?"

"अगदी बरोबर आलं."

"बघ! चालतंय!" आणि मग तिला कळलं. "आणि लांब शब्द?"

डेटलेफ आपली खुर्ची उचलून संगणकाकडे निघाला.

"पुन्हा लिहू ना! मी बसतो तुझ्याबरोबर."

"तू बसलास म्हणूनच तर झालं."

ती जागेवर आली. उरलेला चहा प्यायली, तळाची खडीसाखर खाल्ली आणि कपात चमचा ठेवला. मग डेटलेफने लावलेल्या मॉडेमची वायर उपटून तिने हांबुर्गला फोन लावायला घेतला.

"फ्राउके," तो पुटपुटला. "नक्की?"

"तो प्रश्न तूच काढून टाकलास ना रे!" नंबर फिरवता फिरवता ती म्हणाली. चिडून नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

काकू किटली घेऊन आल्या. तिचा कप ओलांडून त्यांनी त्याचा भरला. त्याचा चमचा अजून बशीतच होता.