भूल देणाऱ्या काकूंची बंदूक

बोकारे काकू पहिल्यांदा भेटल्या की नमस्कार करतात, आणि जोडलेले हात खाली यायच्या आत तुमचं वजन सांगतात. मला म्हणाल्या, "अठ्ठेचाळीस. पर्स सोडून." अर्विंगच्या इंडियन ग्रोसरीत, कोथिंबिरीच्या जुड्यांसमोर, चार माणसांदेखत. आकडा बरोबर होता म्हणून जास्त राग आला.

मग कळलं, की काकू जन्मभर टेक्ससच्या हॉस्पिटलांमध्ये भूलतज्ज्ञ होत्या. निवृत्त झाल्या तरी माणूस दिसला की त्याला किती औषध लागेल, हा हिशेब डोक्यात आपोआप सुरू होतो. या बाई दर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीलाही जातात हे ऐकल्यावर मी त्यांच्यापासून चार हात लांब राहायचं ठरवलं. पण त्या निघाल्या आमच्याच गल्लीत राहणाऱ्या, आणि त्यांच्या हातचा हरणाच्या मटणाचा सावजी रस्सा एकदा खाल्ला की लांब राहणं अवघडच असतं.

शिकारीचा नाद त्यांना हॉस्पिटलनेच लावला. नागपूरहून त्या ज्या गावात नोकरीला आल्या, तिथे हरणांचा सीझन उघडला की सर्जनपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळे रानात पळायचे. ऑपरेशनं बंद. भूल द्यायचं कामच उरायचं नाही, म्हणून काकू एकदा कंटाळून त्यांच्याबरोबर गेल्या, त्या दरवर्षी जातच राहिल्या.

त्यांच्याकडे बंदूक एकच. बोल्ट ओढून भरायची, थ्री-ओ-एट काडतुसाची, अक्रोडाच्या लाकडाच्या दस्त्याची. आमच्या महाराष्ट्र मंडळातली आयटीवाली मुलं इंटरनेटवर काय काय वाचून यायची आणि सगळ्या शिकारीला चालेल अशी एकच रायफल कुठली, म्हणून काकूंना विचारायची. मुलांना आकडे हवे असायचे. काकू म्हणायच्या, जी खांद्याला बसते, जिच्या धक्क्याची धास्ती वाटत नाही आणि जी दिवसभर वागवली तरी नकोशी होत नाही, ती चांगली. तीच हरणाला चालते, तीच रानडुकराला. धास्ती असली की चाप ओढताना डोळा मिटतो, मग गोळी भलतीकडे लागते आणि जनावर झुडपात जाऊन तळमळत पडतं. "त्याला समजलंच नाही पाहिजे," हे त्यांचं पालुपद. भूल देतानाही हेच, मुलाच्या बोटातलं कुसळ काढतानाही हेच, आणि कोणाच्या घरी वाईट बातमी सांगायला जाताना तर हमखास हेच.

पुण्याच्या निखिलला हे पटलं नाही. त्याने हत्ती आडवा होईल अशी मॅग्नम रायफल घेतली आणि कौतुकाने काकूंना दाखवायला आणली. म्हणाला, यार काकू, पॉवर तर बघा.

"काहून? अर्विंगात गेंडे येऊन राहिले का?" काकूंनी विचारलं.

पहिल्याच गोळीला बंदूक मागे आली आणि वरच्या दुर्बिणीची कड त्याच्या भुवईत घुसली. टाके घालताना काकू त्याच्याशी इतक्या गप्पा मारत होत्या, की झालं कधी ते त्याला कळलंही नाही.

काकूंचा स्वतःसाठी एक नियम होता. सीझनच्या आधी रेंजवर जायचं, शंभर यार्डांवर फराळाची कागदी डिश लावायची आणि तीन गोळ्या झाडायच्या. एक जरी बाहेर गेली तरी त्या वर्षी शिकार नाही. नोकरीही त्यांनी अशीच सोडली होती. एका सकाळी सुई धरलेला हात किंचित हलला. दुसऱ्या कोणाला दिसलंही नाही. काकूंनी ऑपरेशनची टोपी काढली आणि त्या घरी आल्या.

दोन हजार सहाच्या ऑक्टोबरात त्या मला रेंजवर घेऊन गेल्या. तोवर त्यांनी मागे लागून माझ्याकडून शिकाऱ्यांचा सरकारी कोर्स करून घेतला होता. काकूंची पहिली गोळी डिशमध्ये लागली, दुसरी काठाला. तिसरी कुठेच दिसेना. मी म्हटलं, वारा आहे. मग म्हटलं, दुर्बीण हलली असेल. काकूंनी बंदूक माझ्या हातात दिली आणि मला टेबलाशी बसवलं. आम्हा दोघींची उंची सारखीच, बेताची. दस्ता खांद्याला नीट बसला. मी चाप ओढला. गोळी डिशच्या मधोमध लागली. नेम चुकला असता तर बरं झालं असतं, असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

"दुर्बीण बरोबर आहे," काकू म्हणाल्या आणि रिकामी काडतुसं गोळा करायला लागल्या.

ज्या बाईला सिग्नलला थांबल्यावर शेजारच्या गाडीतल्या माणसांची वजनं सांगितल्याशिवाय राहवत नाही, त्या घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसल्या. दारात पोचल्यावर त्यांनी बंदुकीची पेटी माझ्याकडे सरकवली. या वर्षी तू जा, म्हणाल्या, माझ्या नेहमीच्या रानाच्या मालकाशी मी बोलते.

मी हो म्हटलं. तरी त्या आत जाईनात.

"तिथे मचाणावर दोन खुर्च्या आहेत," त्या म्हणाल्या. "काका यायचे माझ्यासंगं. बंदुकीला कधी हात नाही लावला त्यांनी. घरी आम्ही दिवसभर भांडायचो, तिथे बोलायची सोय नाही, म्हणून नुसतं बसायचो बाजूबाजूला. ते गेल्यापासून मी एकटीच बसते." घराची किल्ली त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. "मी येऊ का तुझ्यासंगं? काही सांगणार नाही, काही शिकवणार नाही. नुसती बसीन."

इतकी वर्षं त्या शिकारीसाठी रानात जातात असं मी समजत होते. मी म्हटलं, काकू, तुमच्याशिवाय मी जाणारच नाहीये.

त्यांनी मान हलवली, कुलूप उघडलं आणि आत जाता जाता वळून विचारलं, "थर्मासमध्ये चहा नेते मी. काका दोन चमचे साखर घ्यायचे. तू किती घेतेस?"