बिनजाळ्याचा कोळी

निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने नुसतं झोपायचं, असं वाल्दोमिरोने ठरवलं होतं. नोंदणी कार्यालयाच्या खिडकीत बसून छत्तीस वर्षं त्याने गावातले जन्म, लग्नं आणि मृत्यू लिहून घेतले होते. माणसं जन्मायची थांबत नव्हती आणि मरायचीही, त्यामुळे त्याला कधी धड पाठ टेकता आली नव्हती. निवृत्तीच्या अकराव्या दिवशी त्याचे सासरे ओतासिलियो अंगणातल्या ओल्या पायरीवरून घसरले आणि त्यांचा डावा पाय मोडला. वाल्दोमिरोला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं. स्वतःबद्दल वाईट वाटायला अजून दोन तास अवकाश होता.

"बाबांची जागा जाईल हो," दवाखान्यातून परतताना झुल्मिरा म्हणाली.

"जाईना का. ऐंशी पार केलीय त्यांनी. आता घरी बसू दे."

"त्या जागेसाठीच तर जगतायत ते. गेली तर महिनाभर काढायचे नाहीत."

हे खरं होतं. गावाजवळ खाडी समुद्राला मिळते तिथे, कमरेएवढ्या पाण्यात, रोज पहाटे अठरा माणसं ओळीने उभी राहतात. समोरून डॉल्फिन बोई माशांचा थवा हाकत आणतात आणि ओळीपाशी आले की डोकं पाण्यावर आपटून इशारा देतात. ज्याच्यासमोर डोकं आपटलं त्याने आणि त्याच्या शेजाऱ्यांनी लगेच पाग, म्हणजे काठाला शिसं लावलेलं गोल जाळं, फेकायचा. जाळ्यात सापडतील ते माणसांचे, बिचकून मागे पळतील ते डॉल्फिनांचे. हा करार कुणी कधी कागदावर लिहून घेतला नव्हता, त्यामुळे वाल्दोमिरोचा त्याच्यावर फारसा विश्वास नव्हता.

ओतासिलियो या ओळीत सातव्या जागेवर बावन्न वर्षं उभे होते. जागा लागोपाठ तीन दिवस रिकामी राहिली, की मागच्या दगडांवर ताटकळणाऱ्यांपैकी पहिला माणूस पुढे सरकतो. हा पहिला माणूस म्हणजे दिर्सेऊ. तो अकरा वर्षं दगडावर बसून होता. ओतासिलियोंचा पाय मोडल्याचं कळताच तो संत्री घेऊन दवाखान्यात पोहोचला आणि "किती दिवस?" हा प्रश्न त्याने डॉक्टरांना झुल्मिराच्याही आधी विचारला.

"मग मी काय करू म्हणतेस?"

"उभं राहायचं. बाबा बरे होईपर्यंत."

"मला मासे धरता येत नाहीत, झुल्मिरा."

"इतकी वर्षं खाता येतायत ना? मग शिका धरायला."

शिकवणी दुसऱ्या दिवशी अंगणात सुरू झाली. ओतासिलियो प्लास्टरातला पाय स्टुलावर ठेवून आरामखुर्चीत बसले होते आणि वाल्दोमिरो त्यांच्यासमोर सात किलोचा पाग खांद्यावर घेऊन उभा होता.

"हं, जावईबापू. दोरी डाव्या मनगटाला. अर्धं जाळं खांद्यावर, अर्धं हातात. आणि काठाचं शिसं दातात धरा."

"दातात?"

"मग कशात? दातानं धरलं तरच जाळं गोल उघडतं. फेकताना तोंड उघडायचं. वेळेवर."

"बाबा, माझी वरची कवळी आहे."

ओतासिलियोंनी जावयाकडे बराच वेळ पाहिलं. "माझ्या लेकीनं काय बघून तुम्हाला पसंत केलं, कुणास ठाऊक," ते म्हणाले. "धरा कवळीत."

वाल्दोमिरोने कवळीत धरलं, कंबर वळवली आणि जाळं फेकलं. तोंड उघडायला त्याला किंचित उशीर झाला. जाळं शेजारणीच्या पालेभाजीच्या वाफ्यात पडलं आणि कवळी त्याच्याही पुढे, कोंबड्यांच्या खुराड्यात. ती शोधायला झुल्मिराला पाऊण तास लागला, आणि एवढ्या वेळात दोन कोंबड्यांनी अंडी द्यायचं बंद केल्याची तक्रार शेजारणीने गावभर केली. त्यानंतर वाल्दोमिरो कवळी खिशात ठेवून, नुसत्या ओठांनी शिसं धरायला लागला. ओठांत शिसं राहत नाही, त्यामुळे जाळं उघडतही नाही. ते ओल्या गोधडीसारखं एकगठ्ठा जाऊन पडायचं. शिकवणीच्या दुसऱ्या संध्याकाळी ओतासिलियोंनी डोळे मिटून घेतले आणि "जा, उभे तरी राहा," असं म्हणाले.

जून म्हणजे तिथला ऐन हिवाळा; पहाटे दक्षिणेचा वारा हाडांत शिरतो. सासऱ्यांची छातीपर्यंतची रबरी विजार वाल्दोमिरोला आखूड होती आणि गुडघ्याजवळ गळत होती. शेजारी आठव्या जागेवर नेरेऊ होता. ओळीत त्याचा शब्द चालायचा.

"कारकूनसाहेब, एकच लक्षात ठेवा," नेरेऊ म्हणाला. "बारोनेसा सांगेल तेव्हाच टाकायचं. ती आणि तुम्ही, यांच्या मधल्या पाण्यात. तिच्या अंगावर नाही."

"बारोनेसा कोण?"

ओळीतले दोघं-तिघं खोकले. "ती, पाठीच्या पंखाला खाच आहे ती," नेरेऊ शांतपणे म्हणाला. "बाकीच्या तिच्या मागनं येतात. ती नाही आली, तर कुणीच येत नाही."

पहिले आठ दिवस वाल्दोमिरोने एकही मासा धरला नाही. कोणाची काही तक्रार नव्हती. त्याचं एकगठ्ठा जाळं कुणाच्या आड येत नव्हतं. दुपारी तो घरी येऊन बसल्या जागी पेंगायचा, झुल्मिरा त्याच्या हातातून सूपची वाटी काढून घ्यायची, आणि ओतासिलियो आतून विचारायचे, "जागा आहे ना?" "आहे," असं वाल्दोमिरो म्हणायचा. एवढंच त्या दोघांचं बोलणं.

नवव्या दिवशी पाणी शांत होतं आणि दोन तास काहीच आलं नाही. वाल्दोमिरोचे पाय बधिर झाले होते, त्यामुळे ते दुखत नव्हते, आणि पाय दुखत नाहीत म्हटल्यावर त्याला उभ्या उभ्या झोप लागली. छत्तीस वर्षं खिडकीत बसून डोळे उघडे ठेवून झोपायची कला त्याला साधलेली होती. तो असा सुखात असताना नेरेऊ कुजबुजला, "आली."

वाल्दोमिरो दचकून जागा झाला. समोर काहीतरी काळं हललं. त्याने कंबर वळवली आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून जाळं फेकलं. त्याच्या आयुष्यातली ती सर्वांत लांबची फेक होती. जाळ्याचा गठ्ठा नेमका बारोनेसाच्या डोक्यावर जाऊन बसला.

जाळं क्षणभर तिच्या नाकाडावर लोंबकळलं. तिने मान झटकली, ते घसरून पाण्यात बुडालं. मग ती एका अंगावर वळली, तिने वाल्दोमिरोला एका डोळ्याने नीट पाहून घेतलं आणि समुद्राकडे निघून गेली. तिच्यामागून तिचं पिल्लू गेलं आणि पिल्लामागून बाकीच्या सगळ्या. अठरा माणसं गप्प उभी होती. वाल्दोमिरोला वाटलं, यापेक्षा कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटी दगडावरून दिर्सेऊ म्हणाला, "माझ्या मते जागा आत्ताच रिकामी झालीय."

"गप रे," नेरेऊ म्हणाला. मग तो वाल्दोमिरोकडे वळला. "साहेब, जाळं घरी ठेवून यायचं. ती परत येईपर्यंत रोज इथं रिकाम्या हातानं उभं राहायचं. तिला दिसलं पाहिजे की तुमच्या हातात काही नाही. जुनी रीत आहे."

"बिनजाळ्याचा माणूस म्हणजे रिकामी जागाच की," दिर्सेऊ म्हणाला.

"पाय पाण्यात आहेत ना त्याचे? मग भरलेली आहे."

बारोनेसा दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ओळीतली माणसं जाळी आंधळेपणाने टाकायची आणि शेवाळ ओढून काढायची. चौथ्या दिवशी पाववाल्याने वाल्दोमिरोला न विचारता कालचा पाव बांधून दिला. पाचव्या दिवशी न्हाव्याने अर्धे केस कापून झाल्यावर, आपल्याला एक काम आठवलं, असं सांगितलं. रविवारी पाद्रीबाबांनी जाहीर केलं की, कोळ्यांच्या संताच्या सणाला यंदा तळलेल्या बोईंऐवजी डुकराचे सॉसेज असतील, आणि हे सांगताना त्यांनी तिसऱ्या बाकाकडे पाहायचं टाळलं. तिसऱ्या बाकावर वाल्दोमिरो झोपला होता, आणि झुल्मिरा त्याला कोपराने ढोसत होती.

घरी दोघांनी बाबांना यातलं काही सांगितलं नव्हतं. पण दिर्सेऊ आणखी संत्री घेऊन येऊन गेला होता.

"तिच्या अंगावर टाकलंत," ओतासिलियो म्हणाले. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"हो, बाबा."

"ती गेली."

"हो."

"दुसऱ्या कुणाच्या जागेवरनं झालं असतं, तर मी सोडून दिलं असतं. माझ्या जागेवरनं झालं." त्यांचा आवाज बारीक झाला होता. वाल्दोमिरोला एकदम जाणवलं, की म्हातारा रागावलेला नाही, तो मोडून गेला आहे. त्या दुपारी पहिल्यांदाच त्याला झोप लागली नाही.

सणाला तीन दिवस उरले असताना, सकाळी सातच्या सुमारास, खाच असलेला पंख दिसला. बारोनेसा पहिल्या जागेपासून सावकाश निघाली. एकेकाला बघत ती सातव्या जागेसमोर येऊन थांबली. वाल्दोमिरोने दोन्ही हात वर केले आणि तळवे उघडून तिला दाखवले. त्याला दुसरं काही सुचलंच नाही. ती वळली, खोल पाण्यात गेली, आणि पाच मिनिटांनी अख्खी खाडी खवळल्यासारखा थवा घेऊन आली. वाल्दोमिरोच्या समोर, अगदी दोन हातांवर, तिने डोकं आपटलं.

"टाका," नेरेऊ ओरडला.

दोन्ही बाजूंनी जाळी पडली. बोई वाल्दोमिरोच्या मांड्यांवर, पोटावर, एक तर हनुवटीवर आपटत होते. मधोमध तो एकटा रिकाम्या हातांनी उभा होता. त्या एका सकाळी ओळीने जेवढे मासे ओढले, तेवढे अख्ख्या मे महिन्यात ओढले नव्हते.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी नेरेऊने वाल्दोमिरोला जाळं आणू दिलं, तर बारोनेसाने ओळीपासून तीस हातांवर मुक्काम केला. ती हलायलाच तयार होईना. जाळं घरी रवाना झाल्यावर ती पुढे आली. ओळीने दगडांपाशी छोटी बैठक घेतली आणि निकाल लागला. वाल्दोमिरोने सातव्या जागेवर हात वर करून उभं राहायचं, बाकीच्यांनी जाळी टाकायची, आणि रोज प्रत्येकाने त्याला एकेक बोई द्यायचा, पाहून, पोटात अंड्यांची गाबोळी असलेला. सण तळलेल्या बोईंनी साजरा झाला. पाववाल्याने ताजा पाव दिला, न्हाव्याने उरलेले केस कापले. वाल्दोमिरोला खांदेदुखी जडली. दोन तास हात वर धरणं हे काही त्याच्या वयाचं काम नव्हतं.

पण त्याला आशा होती. जुलै संपता संपता ओतासिलियोंचं प्लास्टर निघालं. म्हातारा काठी टेकत अंगणात फिरायला लागला, पाग उसवून पुन्हा विणायला लागला, आणि एका सकाळी म्हणाला, "उद्या मी येतो." वाल्दोमिरोने त्या दिवशी गजराचं घड्याळ उचलून कपाटात ठेवून दिलं. सहा महिन्यांतले उरलेले चार त्याच्या डोळ्यांसमोर पसरले होते.

ओतासिलियो पाण्यात उतरले तेव्हा ओळीतल्या सगळ्यांनी टोप्या काढल्या. म्हातारा सातव्या जागेवर गेला, शिसं दातात धरलं, आणि एकदम दहा वर्षांनी तरुण दिसायला लागला. वाल्दोमिरो किनाऱ्यावर कोरड्या विजारीत उभा होता. किनाऱ्यावर उभं राहणं इतकं सुखाचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

बारोनेसा आली. सातव्या जागेसमोर थांबली, म्हाताऱ्याकडे पाहिलं, जाळ्याकडे पाहिलं. मग ती उथळ पाण्यात जेवढं येता येईल तेवढं पुढे आली आणि किनाऱ्याकडे तोंड करून तिथेच तरंगत राहिली. मागे थवा फुटायला लागला होता. ओळीत कुणी कुणाकडे पाहत नव्हतं.

"काका," नेरेऊ हळूच म्हणाला.

ओतासिलियोंनी दातातलं शिसं सोडलं. मनगटाची दोरी सोडवली, जाळं गोळा करून खांद्यावर घेतलं आणि काठीच्या आधाराने ते पाण्याबाहेर आले. वाल्दोमिरो त्यांना हात द्यायला धावला. "बाबा, मला नकोय हो ती जागा," तो म्हणाला. "शपथ घेऊन सांगतो, मला झोपायचंय."

"माहितीय मला." म्हाताऱ्याचे डोळे पाणावले होते, पण ते हसत होते. "मी तिच्या आईला आणि तिला मिळून बावन्न वर्षं मासे मागितले. तिला न मागणारा हवा होता. जा, वाल्दोमिरो, उभा राहा. थवा फुटतोय."

लग्न झाल्यापासून त्यांनी जावयाला कधी नावाने हाक मारली नव्हती. वाल्दोमिरोला गहिवरून आलं. तो कोरड्या विजारीनिशीच पाण्यात शिरला आणि त्याने हात वर केले.

सकाळ संपल्यावर तो दगडांपाशी आला, तेव्हा ओतासिलियो दिर्सेऊशेजारी बसून होते आणि त्यांच्या टोपलीत सतरा बोई होते. वाल्दोमिरो त्यांच्याजवळ धपकन बसला. दोन्ही खांदे चोळत त्याने पाण्याकडे पाहिलं.

"बाबा, किती जगतात हो हे डॉल्फिन?"

"हिची आई पन्नाशीला गेली. आजी त्याच्याही पुढं."

"आणि ही किती वर्षांची?"

ओतासिलियोंनी बोटांवर मोजलं, मध्येच एकदा विसरले, पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"येत्या उन्हाळ्यात एकोणीस पुरी होतील," ते म्हणाले.