डावीकडून चौथा

सांगायची हौस मला नाही. पण ही पहिल्या वर्षाची पोरगी मघापासून फोन माझ्या तोंडापुढं धरून उभी आहे, हटत नाही, म्हणून सांगतो. आमच्या विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागात माणूस कोण आहे ते फोटोखालच्या ओळीवरून ठरतं, आणि त्या ओळीत माझं नाव दुसऱ्याला गेलं.

मी गेटाजवळ चहा विकायचो. मुलं सरावासाठी छापतात त्या पेपरात विभागाच्या वर्धापनदिनाचा फोटो आला. डावीकडून पाहुणे संपादक, मग खुर्चीवर ठेवलेली संस्थापकांची हार घातलेली तसबीर, मग विभागप्रमुख उपळेकर सर, आणि कडेला ट्रे घेऊन मी. फोटोओळ लिहिणारीनं तसबीर जमेत धरली नाही. चौघांखाली नावं तीन. संपादक संपादकच राहिले. तसबीर विभागप्रमुख झाली. चहावाला म्हणून माझं नाव सरांवर पडलं. मी कोणीच उरलो नाही.

दुसऱ्या दिवशी तसबीर केबिनात बसली आणि उपळेकर माझ्या स्टोव्हपाशी आले. जुन्या सवयीनं मी त्यांना उपळेकरच म्हणतो.

"बाजूला व्हा," म्हणाले. "दूध उतू जाईल."

"सर, डोकं ठिकाणावर आहे ना? टपरी माझी आहे."

"माझी म्हणजे कोणाची?" त्यांनी विचारलं.

माझी बायको सुभद्रा तिथंच गिलास विसळत होती. म्हटलं, "अगं, तू तरी सांग."

तिनं हात पुसून पेपर पाहिला. "चौथ्याचं नाव नाही इथं," म्हणाली. "आणि हे आलं किसून घालतात. तुम्ही नुसतं लांबून दाखवत होता."

तिकडं विभागाचं बरं चाललं. तसबीर कुणाला वर्गाबाहेर काढत नव्हती, स्वतःची पुस्तकं विकत घ्या म्हणत नव्हती. विद्यापीठानं उत्तम प्रमुख म्हणून तिला शाल दिली. हार आधीच होता.

मी फोटोओळ लिहिणारीला गाठलं. "पोरी, चूक छापलीस. दुरुस्त कर."

"काका, चूक कशी? तिन्ही नावं बरोबर आहेत."

"मग माणसं चुकली का?"

"माणसांचं आम्ही बघत नाही. शिवाय दुरुस्ती छापायला प्रमुखांची परवानगी लागते."

दोघं केबिनात गेलो. तिनं अदबीनं विचारलं, "सर, ह्यांची दुरुस्ती छापायची का?"

तसबीर गप्प.

"सर नाही म्हणाले," ती म्हणाली.

"अगं, काही बोललेच नाहीत!"

"प्रमुख असंच नाही म्हणतात, काका. आधीचे सरही असंच म्हणायचे."

पुढच्या वर्धापनदिनाला मी सगळ्यांच्या आधी जाऊन डाव्या टोकाला उभा राहिलो. उपळेकरांच्या हातून ट्रेसुद्धा ओढून घेतला, ओळख पटावी म्हणून. पानात जाहिरात आली, जागा कमी पडली, फोटो डावीकडून कापला. ट्रे तेवढा आला.

तेव्हापासून ह्या बाकड्यावर बसतो. सुभद्रा उपळेकरांना सांगते, "अहो, त्या बसलेल्यांना एक द्या." ते देतात. पैसे घेत नाहीत. चहा चांगला असतो, ह्याचाच जास्त राग येतो.

आता ही पोरगी विचारते आहे, "आजोबा, खाली नाव काय टाकू?"

माझं टाकू नको बाई, ते चहा गाळतं आहे. दुसरं एक टाक, आणि जागा कमी पडली तरी कापू नको. ती फोटोओळ लिहिणारी आता मोठ्या पेपरात आहे. परवा गाडीतून आली, उपळेकरांच्या हातचा चहा प्याली, माझ्याकडं बघून "जरा सरकता का?" म्हणाली. माफी मागितली नाही. मी सरकलो. लिही ठळक: वैदेही चिंचोलकर.